पुराणमतवादी देशभक्त : लोकनायक बापूजी अणे

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत दोन प्रकारच्या माणसांना हमखास जागा मिळते. जुने मोडून नवे घडविणारा हा पहिला प्रकार, आणि जुन्याच्या रक्षणासाठी शेवटपर्यंत झुंजणारा हा दुसरा. या दोहोंच्या मध्ये तिसऱ्या एका वर्गाची माणसे असतात. त्यांचा पिंड जुन्यात घडलेला असतो. धर्म, परंपरा आणि कायदा यांविषयी त्यांच्या मनात नितांत आदर असतो. तरीही न्याय कोणत्या बाजूला आहे हे ओळखून ती नव्याच्या बाजूने उभी राहतात, आणि तेथे गेल्यावरही जे पटत नाही ते पटत नाही असे स्पष्ट सांगतात. अशा माणसांना जुने लोक फितूर म्हणतात आणि नवे लोक त्यांना मागासलेले समजतात.

पांढुर्ण्याच्या श्रोत्यांना ही गोष्ट फार समजावून सांगण्याचे कारण नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर निशाण लावतात. एका तीरावर पांढुर्णा आणि दुसऱ्या तीरावर सावरगाव उभे राहते, आणि दगडांचा वर्षाव सुरू होतो. त्या वेळी पात्राच्या मध्यभागी गेलेल्या माणसाला कोणत्या तीरावरचा दगड लागेल याचा नेम नसतो. राजकारणाच्या पात्रात असे मध्यभागी उभे राहण्याचे ज्यांच्या नशिबी आले, त्या लोकनायक बापूजी अणे यांच्या चरित्राचा आज थोडक्यात परिचय करून घ्यावयाचा आहे.

माधव श्रीहरी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे झाला. आजच्या यवतमाळ जिल्ह्याला त्या काळी या गावाच्या नावावरूनच ओळखत असत. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात त्यांचे उच्च शिक्षण झाले. त्यानंतर काही वर्षे त्यांनी अमरावतीला शाळेत अध्यापन केले, पुढे ते कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि १९०८ च्या सुमारास यवतमाळला वकिली करू लागले. हे १९०८ साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले. वऱ्हाडातील सुशिक्षित तरुणांची एक पिढी त्या घटनेने हलली. अणे त्या पिढीचे होते. संस्कृत ग्रंथांचे वाचन, कायद्याचा व्यासंग आणि टिळकांवरील निष्ठा या तीन गोष्टी त्यांनी तारुण्यात धरल्या आणि अखेरपर्यंत सोडल्या नाहीत.

ज्या भूमीत त्यांचे राजकारण घडले त्या वऱ्हाडाची घटनात्मक स्थिती मोठी चमत्कारिक होती. वऱ्हाड नावाने निजामाचे, पण कारभार इंग्रजांचा. १८५३ च्या तहाने तो मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निजामाकडून तो कायमच्या पट्ट्याने घेतला, आणि १९०३ मध्ये तो कारभारापुरता मध्यप्रांताला जोडण्यात आला. कायद्याच्या दृष्टीने ही ब्रिटिश हिंदुस्थानची भूमी नव्हे. त्यामुळे दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात वऱ्हाडचा प्रतिनिधी पाठविताना एक युक्ती करावी लागे. आधी वऱ्हाडचे मतदार आपला माणूस निवडीत, आणि मग सरकार त्याच माणसाची नेमणूक करी. १९२४ पासून बापूजी कायदेमंडळात बसले ते याच रीतीने. ज्याच्या मतदारसंघाची मालकीच वादग्रस्त, त्याला कायद्याच्या शब्दांची किंमत लवकर कळते. बापूजींची भाषणे कायद्याच्या काट्यावर तोललेली असत, यात नवल नाही.

१९२० च्या ऑगस्टमध्ये टिळक गेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस नागपूरच्या काँग्रेसने गांधीजींच्या असहकारावर शिक्कामोर्तब केले. विदर्भातील टिळकपक्षीयांपुढे तेव्हा मोठा पेच उभा राहिला. शाळा, न्यायालये आणि कायदेमंडळे यांवर सरसकट बहिष्कार घालावा हे त्यांच्या बुद्धीला पटत नव्हते. सरकार जितके देईल तितके घ्यावे, घेतलेल्याचा उपयोग उरलेल्यासाठी भांडण्याकडे करावा, सरकार सहकार्य करील तेथे सहकार्य आणि अडवील तेथे अडवणूक, ही टिळकांची प्रतियोगी सहकारिता त्यांना प्रमाण होती. पण काँग्रेसचा ठराव झाल्यावर बापूजींनी वेगळी चूल मांडली नाही. १९२१ पासून १९३० पर्यंत ते वऱ्हाड प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष होते. ठरावापूर्वी विरोध आणि ठरावानंतर शिस्त, ही त्यांची रीत येथे प्रथम दिसते.

मात्र शिस्त म्हणजे मौन नव्हे. ऑक्टोबर १९२५ मध्ये मध्यप्रांताच्या कायदेमंडळाचे अध्यक्ष श्रीपाद बळवंत तांबे यांनी स्वराज्य पक्षात असूनही सरकारी कार्यकारी मंडळातील जागा स्वीकारली. त्यावरून पक्षात वादळ उठले. पंडित मोतीलाल नेहरूंना हा शिस्तभंग वाटला. महाराष्ट्र-विदर्भातील टिळकपक्षीयांना मात्र अधिकारपदे नाकारण्याच्या धोरणाचाच फेरविचार हवा होता. १९२६ च्या प्रारंभी न. चिं. केळकर, बॅरिस्टर जयकर, डॉ. मुंजे आणि अणे यांनी प्रतियोगी सहकारितावाद्यांचा स्वतंत्र पक्ष काढला. दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, सर्वपक्षीय परिषदेने हिंदुस्थानची राज्यघटना आखण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते तेच मोतीलाल नेहरू, आणि सभासदांत सर तेजबहादुर सप्रू, सुभाषचंद्र बोस, ना. म. जोशी यांच्याबरोबर माधवराव अणेही होते. आदल्या निवडणुकीतील प्रतिस्पर्धी एका मेजाभोवती बसून संयुक्त मतदारसंघ आणि प्रौढ मताधिकार यांची कलमे लिहीत होते. त्या काळच्या राजकारणाची ही बाजू आज विस्मरणात गेली आहे.

मग १९३० साल उजाडले. गांधीजींनी दांडीला मीठ उचलले. विदर्भाला समुद्र नाही. अकोला जिल्ह्यातील दहीहंड्याच्या खाऱ्या विहिरी सोडल्या तर मिठाचा कायदा मोडावा तरी कोठे? म्हणून या भागाने जंगलचा कायदा निवडला. राखीव जंगलात गवत कापण्यास, गुरे चारण्यास, सरपण आणण्यास जे निर्बंध होते, त्यांची झळ प्रत्येक शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत पोहोचत होती. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात पुसदजवळच्या जंगलात बापूजींनी स्वतः विळा हाती घेऊन परवान्याविना गवत कापले आणि ते तुरुंगात गेले. पन्नाशीला पोहोचलेला, कायद्यावर उपजीविका करणारा, सनातनी वृत्तीचा एक वकील भर पावसाळ्यात मूठभर गवतासाठी कायदा मोडतो, याचा लोकांच्या मनावर जो परिणाम झाला तो दहा व्याख्यानांनी झाला नसता. त्याच वर्षी सातपुड्याच्या पट्ट्यात बैतुल जिल्ह्यातील घोडाडोंगरी आणि शिवनी जिल्ह्यातील तुरिया येथे गोंड-कोरकू बांधव जंगल सत्याग्रहात उतरले. तुरियात गोळीबार होऊन माणसे मेली. विळ्याचे ते आंदोलन विदर्भापुरते राहिले नाही.

तीन वर्षांनी याच माणसाच्या वाट्याला फार अप्रिय काम आले. १९३३ मध्ये काँग्रेसचे बहुतेक पुढारी तुरुंगात असताना हंगामी अध्यक्षपद बापूजींकडे होते. मे महिन्यात गांधीजींनी एकवीस दिवसांचा उपवास आरंभिला आणि सरकारने त्यांना सोडले. त्यांच्या सल्ल्याने बापूजींनी कायदेभंग सहा आठवडे स्थगित केला. जुलैमध्ये पुण्यास कार्यकर्त्यांची बैठक झाली, आणि त्यानंतर सामुदायिक कायदेभंग थांबवून वैयक्तिक सत्याग्रह तेवढा चालू ठेवण्याचा निर्णय त्यांच्याच सहीने जाहीर झाला. थकलेल्या चळवळीला विश्रांती देण्याचे हे काम कोणी तरी करावयास हवेच होते. पण ते करणाराला टाळ्या मिळत नाहीत. तिकडे व्हिएन्नाहून विठ्ठलभाई पटेल आणि सुभाषबाबू यांनी, गांधीजींचे नेतृत्व अयशस्वी ठरले, असे पत्रक मे महिन्यातच काढले होते. बापूजींनी उत्तरादाखल वाद घातला नाही. त्याच वर्षी वैयक्तिक सत्याग्रह करून ते पुन्हा तुरुंगात गेले. दुसऱ्यांना जो मार्ग सांगितला त्यावरून आधी स्वतः चालून दाखवावे, एवढेच त्यांचे उत्तर होते.

१९३४ मध्ये मात्र त्यांनी काँग्रेसपासून फारकत घेतली. ब्रिटिश पंतप्रधान मॅक्डोनल्ड यांनी ऑगस्ट १९३२ मध्ये दिलेल्या जातीय निवाड्याने विभक्त मतदारसंघ कायम केले होते. या निवाड्याचा स्वीकारही करावयाचा नाही आणि धिक्कारही करावयाचा नाही, अशी भूमिका काँग्रेसने घेतली. १९२८ साली संयुक्त मतदारसंघाच्या कलमांवर सही केलेल्या बापूजींना ही मधली भाषा मानवली नाही. पंडित मदनमोहन मालवीय आणि ते काँग्रेसच्या कार्यकारिणीबाहेर पडले आणि त्यांनी काँग्रेस राष्ट्रीय पक्ष स्थापन केला. त्या वर्षीच्या निवडणुकीत या पक्षाला डझनभर जागा मिळाल्या. त्यांचे म्हणणे सर्वांना मान्य होण्यासारखे होते असे नाही. अल्पसंख्यांना वाटणारे भय खरे होते आणि संयुक्त मतदारसंघाने ते आपोआप नाहीसे होईल, हे गृहीत धरणे सोपे नव्हते. सामाजिक सुधारणेच्या बाबतीतही बापूजींची पावले त्यांच्या राजकारणाच्या मानाने मंद पडत, हे त्यांच्या चाहत्यांनीही कबूल केले पाहिजे. परंतु प्रश्न त्यांच्या मताचा नसून वर्तनाचा आहे. मतभेद तत्त्वाचा आहे असे वाटताच त्यांनी पद सोडले, उघड पक्ष काढला, मतदारांपुढे जाऊन कौल मागितला. आणि कौल मर्यादित मिळाला तेव्हा तोही मानला.

बापूजींच्या चरित्राचे मोल कळण्यासाठी क्षणभर हिंदुस्थानबाहेर, स्पेनमध्ये, डोकावून पाहू. तेथे त्यांच्याच वयाचा, त्यांच्याच वृत्तीचा एक माणूस त्याच वर्षांत त्याच पेचातून जात होता. निसेतो अल्काला-झामोरा हे त्याचे नाव. जन्म १८७७, म्हणजे बापूजींपेक्षा तीन वर्षांनी वडील. व्यवसायाने वकील, वक्तृत्वात निपुण, धर्माने निष्ठावान कॅथलिक, आणि राजा तेरावा अल्फोन्सो याच्या मंत्रिमंडळात दोनदा मंत्री झालेला. १९२३ मध्ये सेनापती प्रिमो द रिव्हेरा याने राज्यघटना गुंडाळून हुकूमशाही आणली आणि राजाने तिला मान्यता दिली. ज्या राजाने घटनेची शपथ मोडली त्याला निष्ठेचा हक्क उरत नाही, असे या जुन्या वळणाच्या गृहस्थाचे मत झाले, आणि एप्रिल १९३० मध्ये व्हॅलेन्सिया येथे त्याने आपण प्रजासत्ताकवादी झाल्याचे जाहीर केले. बापूजी पुसदला गवत कापून तुरुंगात गेले, त्यानंतरच्याच ऑगस्ट महिन्यात सान सेबास्तियान येथे प्रजासत्ताकवाद्यांचा गुप्त करार झाला. त्या बैठकीत हा गृहस्थ होता आणि मिगेल माउरा हा त्याचा तरुण सहकारीही होता. माउरा हा तर एका प्रख्यात राजनिष्ठ पंतप्रधानाचा मुलगा.

१४ एप्रिल १९३१ रोजी राजा देश सोडून गेला आणि स्पेन प्रजासत्ताक झाले. अल्काला-झामोरा हंगामी सरकारचा प्रमुख आणि माउरा गृहमंत्री झाला. महिनाभरातच माद्रिदमध्ये मठ आणि चर्चे जाळण्यात आली. बंदोबस्तासाठी शिपाई धाडण्याचा माउराचा आग्रह मंत्रिमंडळाने वेळीच मानला नाही. ऑक्टोबरमध्ये नव्या घटनेचे २६ वे कलम चर्चेला आले. त्या कलमाने जेझुइट संघ विसर्जित होणार होता आणि धार्मिक संघांना शाळा चालविण्यास बंदी होणार होती. अल्काला-झामोरा आणि माउरा या दोघांनी त्यावर राजीनामे दिले. राष्ट्र नवे करावयाचे म्हणून निम्म्या राष्ट्राच्या श्रद्धेशी वैर धरू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मिशनच्या शाळेत शिकलेल्या किंवा शिकवीत असलेल्या कोणालाही त्या राजीनाम्यामागची वेदना कळू शकेल.

आश्चर्य हे, की त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्या प्रजासत्ताकाने अल्काला-झामोरालाच राष्ट्राध्यक्ष निवडले. त्या क्षणापुरते तरी मध्यभागी उभ्या राहिलेल्या माणसाचे मोल स्पेनला कळले होते. पण पुढच्या पाच वर्षांत दोन्ही तीर दूर सरकत गेले. उजव्यांना तो प्रजासत्ताकाचा हस्तक वाटे, डाव्यांना चर्चचा. ७ एप्रिल १९३६ रोजी कोर्तेस या तेथील लोकसभेने, त्याने सभा विनाकारण विसर्जित केली असा ठपका ठेवून, २३८ विरुद्ध ५ मतांनी त्याला पदावरून दूर केले. गंमत अशी, की त्याच विसर्जनानंतरच्या निवडणुकीत डावे विजयी होऊन सभागृहात बसले होते. उजव्यांनी मतदानात भाग घेतला नाही. त्याच्या बाजूने उभे राहण्यास कोणी उरले नव्हते. तीन महिन्यांनी यादवी युद्ध पेटले आणि तीन वर्षे देश रक्तात न्हाला. अल्काला-झामोरा परदेशातच अडकला. पुढे फ्रान्सहून अर्जेंटिनाला पोहोचण्यास त्याला चारशेहून अधिक दिवस लागले. लेखन आणि व्याख्याने यांवर गुजराण करीत १९४९ मध्ये तो ब्वेनोस आइरेसला निवर्तला. त्याचे अवशेष मायदेशी परत आले ते १९७९ मध्ये.

आता पुन्हा बापूजींकडे वळू. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड प्रकरण १९४१ मध्ये सुरू झाले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा विस्तार झाला आणि परदेशस्थ हिंदी लोकांच्या खात्याचे सभासद म्हणून बापूजींनी तेथे प्रवेश केला. प्रतियोगी सहकारितेच्या तत्त्वाशी हे सुसंगत होते. पण काळ बदलला होता. ९ ऑगस्ट १९४२ रोजी गांधीजींसह सर्व पुढारी पकडले गेले. एका आठवड्यात, १६ ऑगस्टला, चांदा जिल्ह्यातील चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे जनतेचा उद्रेक झाला. त्यानंतर चिमुरात आलेल्या सैनिकांनी आणि पोलिसांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची तक्रार देशभर पोहोचली. या साऱ्या काळात बापूजी सरकारी मंडळातच होते. या गोष्टीचा डाग पुसण्याचा प्रयत्न कोणी करू नये.

नोव्हेंबरमध्ये सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी दिल्लीला बापूजींच्या बंगल्यावर आले. आपल्याच मुलुखातील बायकांवर काय प्रसंग गुदरला याची चौकशी करवा, एवढीच त्यांची मागणी होती. आणि ती पुरी होईना म्हणून त्यांनी तेथेच उपवास मांडला. सरकारने त्यांना दिल्लीबाहेर काढले. त्यांचा उपवास एकूण ६३ दिवस चालला. ज्याच्या घरात फिर्यादी उपाशी बसला आहे आणि ज्याच्या हाती न्याय देण्याची सत्ता नाही, अशा सभासदाचे पद किती पोकळ आहे हे त्या दिवसांत उघड झाले. १० फेब्रुवारी १९४३ रोजी आगाखान पॅलेसच्या बंदिवासात गांधीजींनी एकवीस दिवसांचा उपवास सुरू केला. त्यांना सोडण्यास व्हाइसरॉयने नकार दिला तेव्हा सर होमी मोदी, नलिनीरंजन सरकार आणि बापूजी अणे या तिघांनी १७ फेब्रुवारीला राजीनामे दिले. चिमूरच्या वेळीच ते बाहेर पडते तर बरे झाले असते, हा विचार आजही मनात आल्यावाचून राहत नाही. तरी राजीनामा देण्याची सवय त्यांच्या हाडी होती, आणि अखेरीस तीच उपयोगी पडली.

त्यानंतर १९४७ पर्यंत ते सिलोनमध्ये हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी होते. चहाच्या मळ्यांतील लक्षावधी हिंदी मजुरांच्या हक्कांचा प्रश्न तेथे तापलेला होता. १९४७ मध्ये ते घटना समितीत संस्थानांच्या बाजूने प्रतिनिधी म्हणून बसले आणि जानेवारी १९४८ मध्ये बिहारचे राज्यपाल झाले. नेमणूक करणारे सरकार पंडित नेहरूंचे होते. ज्याने १९३४ मध्ये काँग्रेसविरुद्ध पक्ष काढला, १९४२ मध्ये काँग्रेस तुरुंगात असताना जो व्हाइसरॉयच्या मंडळात बसला, त्याला स्वतंत्र भारताने हद्दपार केले नाही; पाटण्याच्या राजभवनात बसविले. २६ जानेवारी १९५० रोजी भारत प्रजासत्ताक झाला तेव्हा एका मोठ्या राज्याचे प्रमुखपद या सनातनी गृहस्थाकडे होते. १९५२ पर्यंत ते त्या पदावर राहिले.

स्पेनची घटना आणि आपली घटना यांतील एक योगायोग येथे सांगण्यासारखा आहे. स्पेनच्या घटनेतील २६ व्या कलमाने धार्मिक संघांचे हात बांधले. आपल्या घटनेतील २६ वे कलम प्रत्येक धर्मपंथाला आपल्या धर्माचा कारभार आपण पाहण्याचे स्वातंत्र्य देते. आणि ३० वे कलम धार्मिक व भाषिक अल्पसंख्यांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा हक्क देते. आकडा एक, आशय उलटा. केवळ कलमांनी देश तरतात असे म्हणण्याचा हेतू नाही. आपल्याकडेही १९४७ मध्ये रक्ताचे पाट वाहिले, आणि राष्ट्रपिता एका माथेफिरूच्या गोळीला बळी पडला. पण जुन्या श्रद्धेच्या माणसाला नव्या राज्यात परके वाटू नये, ही काळजी आपल्या घटनाकारांनी घेतली. त्यामुळे पुराणमतवादी आणि सुधारक यांचे भांडण सभागृहात राहिले, रणांगणात गेले नाही.

बापूजींची शेवटची मोठी राजकीय लढाई वेगळ्या विदर्भासाठी होती. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये आठ मराठी जिल्ह्यांच्या स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती. ती मान्य झाली नाही. १९५६ मध्ये ते आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. बापूजींना हे पटले नाही. ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, १९५९ च्या पोटनिवडणुकीत, ते नागविदर्भ आंदोलन समितीच्या पाठिंब्याने नागपुरातून लोकसभेवर निवडून आले, आणि १९६२ मध्ये पुन्हा निवडून आले. जो माणूस राज्यपाल होता तोच आता अपक्ष म्हणून सरकारपुढे उभा राहून आपले अल्पमत मांडीत होता. संयुक्त महाराष्ट्राचे अभिमानी त्यांच्या मताशी सहमत होणार नाहीत. त्यांनी व्हावे असा आग्रहही नाही. पण ते मत मांडण्याची जागा त्यांना होती आणि नागपूरच्या मतदाराने ती दोनदा दिली.

सौंसर-पांढुर्ण्याच्या माणसाने या प्रकरणाकडे जरा निराळ्या नजरेने पाहिले पाहिजे. वेगळा विदर्भ झाला असता काय, किंवा संयुक्त महाराष्ट्र झाला काय, सातपुड्याच्या घाटाखालचा हा मराठी पट्टा दोन्ही नकाशांबाहेरच राहिला. आयोगाने सर्वसाधारणपणे जिल्हा हा घटक धरला होता, आणि छिंदवाडा जिल्हा एकंदरीत हिंदी भाषिक. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. बाजार, दवाखाना आणि सोयरीक यांसाठी मात्र आमची वाट नागपूरचीच राहिली. २०२३ मध्ये पांढुर्णा हा सौंसरसह स्वतंत्र जिल्हा झाला, तोही मध्यप्रदेशातच. त्याबद्दल खंत करीत बसण्याचे कारण नाही. हिंदी शेजाऱ्यांशी आमचे नाते गोडीचे आहे. पण घरी मराठी आणि शाळेत हिंदी बोलणाऱ्या मुलाला एक गोष्ट ठाऊक असावी. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने घटनेत ३५० क हे कलम आले. भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने केला पाहिजे, असे ते सांगते. सीमा आखताना जे मागे राहिले त्यांच्यासाठी घटनेने ठेवलेला हा शब्द आहे. तो शब्द जागता ठेवणे हे आपले काम आहे.

बापूजींच्या चरित्राचा आणि आपल्या या प्रश्नाचा दुवा येथेच आहे. संख्येने थोडे असलेले, प्रवाहाच्या जरा बाजूला असलेले, बहुमताला न पटणारे बोलणारे लोक प्रत्येक राज्यात असणारच. कधी ते धर्माने थोडे असतात, कधी भाषेने, कधी केवळ मताने. त्यांना तेथे उभे राहण्यास जागा आहे की नाही, यावरून त्या प्रजासत्ताकाची प्रकृती ओळखावी. स्पेनमधील प्रजासत्ताकाने आपल्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाला ती जागा पाच वर्षेही दिली नाही, आणि त्यानंतर चाळीसएक वर्षे त्या देशात कोणालाच मोकळेपणी बोलता आले नाही. आपल्याकडे ती जागा राहिली. ती आपोआप राहत नाही. मतभेद असणाऱ्यांनी कायद्याच्या मार्गाने बोलत राहावे लागते आणि बहुमतवाल्यांनी ऐकत राहावे लागते.

राजकारणाच्या धकाधकीत बापूजींनी आणखी एक काम चालू ठेवले होते. आपल्या गुरूचे, लोकमान्यांचे, चरित्र त्यांनी संस्कृत पद्यात रचले. ‘श्रीतिलकयशोऽर्णव’ हे त्या ग्रंथाचे नाव. जहाल राजकारण्याचे चरित्र देवभाषेत लिहावे, ही कल्पना त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाला सुचली असती असे वाटत नाही. या ग्रंथाला १९७३ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला; पण तो पाहण्यास ग्रंथकर्ता हयात नव्हता. १९६८ च्या प्रजासत्ताकदिनी भारत सरकारने बापूजींना पद्मविभूषण हा सन्मान जाहीर केला, आणि त्याच दिवशी, २६ जानेवारी १९६८ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.